ऐकणाऱ्याचे ऋण

घरात लोणच्याची नवी बरणी उघडली की त्यातील वाटीभर शेजारी जाते. एखादे चांगले पुस्तक वाचून झाले की ते आप्तेष्टांत फिरू लागते. गाण्याच्या बाबतीत मात्र आपला हात एक तर आखडतो, नाही तर इतका सैल सुटतो की घेणाऱ्याची झोळी फाटावी. आपणांस प्रिय असलेले परंतु दुसऱ्यास सर्वस्वी अपरिचित असे संगीत त्यास कसे सुचवावे, आणि दुसऱ्याने सुचविलेले आपण कोणत्या रीतीने ऐकावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय दिसावयास लहान आहे खरा. परंतु ह्याच विषयापायी माझ्या घरात सात वर्षे एक अबोला नांदला, आणि ह्याच विषयाच्या द्वारे तो संपला. म्हणून शास्त्रचर्चेचा आव न आणता जे घडले ते सांगतो.

मी सांगलीचा रहिवासी. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. संस्कृताचा व्यासंग गुरुजींच्या पायांशी बसून केला, आणि एकतीस वर्षे मुलांकडून शब्द व धातू चालवून घेऊन निवृत्त झालो. मिरज येथून हाकेच्या अंतरावर. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांचे वास्तव्य मिरजेस होते. १९३७ साली ते निवर्तल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले, आणि त्यांच्या स्मरणार्थ गवई मंडळी दरवर्षी तेथे हजेरी लावून जातात. तंबोरे आणि सतारी घडविणारी घराणीही त्याच गावची. अशा मुलखात वाढलेल्या मनुष्यास आपल्या कानाचा अभिमान न वाटेल तरच नवल! माझ्या अपराधाचे मूळ ह्या अभिमानातच होते.

आमचे कुटुंब एकत्र आहे. आम्ही दोघे बंधू, दोघी जावा, मातोश्री आणि मुले. धाकट्या बंधूंचे चिरंजीव चौदा वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. एके दिवशी दिवेलागणीच्या सुमारास मोबाईल हातात घेऊन ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "काका, हे ऐका ना. मला फार आवडलंय." त्या पोरवयात आवडलेली वस्तू घेऊन मूल वडीलधाऱ्यांकडे येते, तेव्हा ते काय घेऊन येत असते हे एकतीस वर्षे शिकवूनही मला कळू नये, ह्यास काय म्हणावे? मी एक मिनिटही पुरते ऐकले नाही. म्हणालो, "हा गोंगाट आहे. ह्याला गाणं म्हणायचं असेल तर बोहारणीच्या पाटीपाशी जाऊन बस." घरातील मंडळी हसली. मुलगा हसला नाही.

त्यानंतर त्याने माझ्यादेखत एकही गाणे मोठ्याने लावले नाही. कानांत इयरफोनची बोंडे घालून तो आपले ऐकत असे. मी खोलीत आलो की बोंडे काढी, विचारलेल्या प्रश्नास नीट उत्तर देई, आणि मी गेलो की पुन्हा घाली. मी ह्यास विनय समजत होतो. तो विनय नव्हता. ते दार लावून घेणे होते.

२०२० साली मार्च महिन्यात टाळेबंदी झाली आणि पुण्यास शिकत असलेले हे चिरंजीव घरी परतले. आता ते एकवीस वर्षांचे होते. वाचनालय बंद, देऊळ बंद, कट्टा बंद. संध्याकाळ झाली की घरातील सारी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसत. अशाच एका संध्याकाळी मुलगा माजघरात येऊन उभा राहिला. "काका, तेहतीस मिनिटं द्याल का? मध्ये बोलायचं नाही, एवढीच अट." सात वर्षांनी उघडलेले ते दार होते. मी "बरे" म्हणालो आणि भिंतीस टेकून बसलो.

त्याने लावलेली ध्वनिमुद्रिका जॉन कोल्ट्रेन ह्या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाची होती. तिचे नाव 'अ लव्ह सुप्रीम'. दिनांक ९ डिसेंबर १९६४ रोजी चौघा वादकांनी ती वाजविली आणि १९६५ साली ती बाजारात आली. सॅक्सोफोन, पियानो, उभे धरून वाजवावयाचे खर्जाचे तंतुवाद्य आणि ढोलांचा संच, एवढाच सरंजाम. जाझ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतातील ही कृती श्रेष्ठ मानतात, आणि नवख्यास ती कठीण जाते असेही म्हणतात. 'परमप्रेम' असे तिच्या नावाचे भाषांतर होईल. नारदांच्या भक्तिसूत्रांत भक्तीचे लक्षण सांगताना हीच कल्पना येते, हे माझ्या ध्यानात आले; पण अट पाळावयाची असल्यामुळे गप्प बसलो.

चिरंजिवांनी व्याख्यान दिले नाही. इतकेच सांगितले, "सुरुवातीला खर्जातलं वाद्य चार स्वर वाजवील. तेवढे चार धरून ठेवा. बाकीचं सुटलं तरी चालेल."

प्रथम घंटेसारखा एक घोष झाला. मग ते चार स्वर आले आणि फिरून फिरून येऊ लागले. सॅक्सोफोन त्यांच्याभोवती विहरू लागला. काही वेळाने तोच चार स्वरांचा समूह तो कधी वरून, कधी खालून, निरनिराळ्या स्वरांना षड्ज मानून वाजवू लागला. बाराही स्वरांवरून त्याने तो फिरविला, हे मला मागाहून कळले. आपल्या मनुष्यास येथे मोठी अडचण होते. आमचा तंबोरा एकदा षड्ज लावून बसला की मैफल संपेतोपर्यंत षड्ज हालत नाही. सारी गायकी त्या अचल बिंदूच्या आधाराने उभी असते. येथे तर पायाखालची जमीनच सरकत होती. ते चार स्वर घट्ट धरून ठेवले होते म्हणूनच बुडालो नाही. मग वाद्यांच्या सोबतीने मनुष्याचा आवाज तेच नाव पुनःपुन्हा उच्चारू लागला. नामस्मरण कोणत्या भाषेत चालले आहे ह्याची पर्वा कानास फारशी नसते, असे मला त्या क्षणी वाटले.

तिसऱ्या भागाने माझी परीक्षा पाहिली. आरंभी ढोलवादक एकटाच वाजवितो, आणि पुढे सॅक्सोफोनवर अशी काही गर्दी होते की मी वाट चुकलो. स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा अभिप्राय ऐकू आला, "सनईसारखं वाटतंय, पण लग्न कुणाचं ते कळत नाही!" शेवटचा भाग मात्र शांत होता. त्यात ताल जणू विरघळून गेला होता, आणि सॅक्सोफोन काही तरी बोलत होता. गात नव्हता, बोलत होता.

संपल्यावर मुलाने "आवडलं का?" असे विचारले नाही. त्याने विचारले, "काय ऐकू आलं?"

ह्या दोन प्रश्नांत केवढे अंतर आहे पाहा. पहिल्या प्रश्नास उत्तर देताना मनुष्य न्यायाधीश होतो. दुसऱ्यास उत्तर देताना साक्षीदार. मी साक्ष दिली, "चार स्वर ऐकू आले. तिसऱ्या भागात हरवलो. शेवटी कोणी तरी प्रार्थना करीत आहे असं वाटलं." तेव्हा त्याने मोबाईलवर त्या तबकडीच्या वेष्टनाचे चित्र दाखविले. त्यावर कोल्ट्रेन ह्यांनी स्वतः लिहिलेले ईश्वरस्तुतीचे काव्य छापलेले आहे, आणि शेवटच्या भागात ते त्या काव्याचे एकेक अक्षर सॅक्सोफोनवर उच्चारीत जातात. १९५७ साली आपल्या जीवनात आध्यात्मिक जागृती झाली, आणि ही कृती म्हणजे त्याबद्दलची कृतज्ञता होय, असे त्यांनी त्याच वेष्टनावर लिहून ठेवले आहे. रविशंकरांविषयी त्यांस इतका आदर होता की १९६५ साली जन्मलेल्या पुत्राचे नाव त्यांनी रवी ठेवले. अवघ्या चाळिसाव्या वर्षी, १९६७ साली ते निवर्तले.

मी मुलास म्हणालो, "त्या दिवशी मी ऐकलंच नव्हतं. न ऐकता बोललो. चूक माझी होती." तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः येऊन बसला आणि म्हणाला, "आता तुमची पाळी."

येथे मी पुन्हा चुकलो. मनात म्हणालो, ह्यास आता खरे गाणे ऐकवितो! आणि माझ्या संग्रहातील एका थोर गवयाचा तासाभराचा विलंबित ख्याल लावला. अतिविलंबित एकतालाचे एकच आवर्तन कधी कधी मिनिटभर चालते. ज्याच्या कानास समेची सवय नाही, त्याने ती मिनिटभर कशाच्या आधारावर धरून ठेवावी? शिवाय मी दर दोन मिनिटांनी "वा! हा निषाद पाहिलास?" असे म्हणत होतो. मुलगा बसल्या बसल्या निजला.

क्षणभर राग आला. मग ध्यानात आले की, संस्कृताचा वर्ग मी एकतीस वर्षे घेतला, परंतु नवख्या विद्यार्थ्याच्या हाती कादंबरी कधी दिली नाही. हितोपदेशातील कावळ्याकोल्ह्यांपासून आरंभ करावयाचा, मग रघुवंश, मग माघ, आणि बाणभट्टाच्या पल्लेदार वाक्यांत शिरावयाचे ते अगदी शेवटी. वर्गात जो विवेक मी पाळला, तो घरात गाण्याच्या बाबतीत गुंडाळून ठेवला. कठीण वस्तू द्यावयाची नाही असा ह्याचा अर्थ नव्हे. मुलाने मला दिलेली वस्तू कठीणच होती. परंतु तिच्यासोबत त्याने चार स्वरांची काठी हातात दिली होती. मी नुसता डोंगर दाखविला.

मग जुन्या तबकड्यांची आठवण झाली. हिंदुस्थानी गाण्याचे ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यास सुरू झाले. गौहरजान ह्या तेव्हाच्या पहिल्या नामांकित गायिका. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मावत. रात्र रात्र गाणाऱ्या कलावंतांस आपला राग तीन मिनिटांत बसवावा लागे. मोठी तबकडी १९४८ साली अमेरिकेत निघाली, तोपर्यंत ही सक्तीच होती. ह्या सक्तीने गाण्याचे नुकसान झाले असे पुष्कळ म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. परंतु नवख्यास त्या तीन मिनिटांसारखा दुसरा दरवाजा नाही. मी सूरश्री केसरबाई केरकर ह्यांची भैरवी काढली: 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची. आणि मुलाकडून शिकलो होतो त्याप्रमाणे एकच गोष्ट सांगितली, "बाईंचा श्वास कुठं संपतो ते शोध."

गाणे संपले. मी विचारले, "काय ऐकू आलं?" तो म्हणाला, "श्वास सापडला नाही." आणि मग डोळे मोठे करून म्हणाला, "काका, ही तबकडी आकाशात गेलीय, ठाऊक आहे का तुम्हाला?"

मला ऐकीव माहिती होती. त्याने सविस्तर सांगितली, आणि ती ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की, आम्ही माजघरात बसून जे करीत होतो तेच काही विद्वानांनी सबंध पृथ्वीच्या वतीने केले होते.

अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात धाडली. दुसऱ्या क्रमांकाचे २० ऑगस्टला आधी सुटले, पहिल्या क्रमांकाचे ५ सप्टेंबरला. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. पुढे मागे कोणा परलोकवासी बुद्धिमान जीवास ती सापडलीच, तर पृथ्वीवरील मनुष्याची ओळख पटावी हा हेतू. तीत पंचावन्न भाषांतील नमस्कार आहेत, त्यांत आपली मराठीही आहे. आणि सुमारे दीड तासाचे संगीत आहे, एकूण सत्तावीस कृती. निवड करणाऱ्या मंडळींचे पुढारी ज्योतिर्विद कार्ल सेगन होते. आता कल्पना करा: ऐकणाऱ्याचा काहीही ठावठिकाणा नाही, त्यास कान आहेत की नाहीत तेही ठाऊक नाही, आणि दीड तासात सबंध मानवजातीचे गाणे त्यास सुचवावयाचे! ह्याहून अवघड शिफारस कोणी कधी केली नसेल.

ह्या मंडळींतही आमच्या घराप्रमाणेच वाद झाले. लोकगीतांचे थोर संग्राहक ॲलन लोमॅक्स ह्यांनी बल्गेरियाच्या डोंगरातील गाण्यासारख्या पुष्कळ अमोल वस्तू सुचविल्या. परंतु चक बेरी ह्यांचे रॉक अँड रोल पद्धतीचे गाणे घेण्याची गोष्ट निघाली तेव्हा, हे पोरकट आहे, असा त्यांनी आक्षेप घेतला. पृथ्वीवर पोरेही पुष्कळ आहेत, अशा आशयाचे उत्तर सेगन ह्यांनी दिले, आणि ते गाणे घेतले गेले. हा प्रसंग मुलाने सांगितला तेव्हा त्याने माझ्याकडे मुद्दाम पाहिले नाही. मला मात्र ती बोहारणीची पाटी आठवली.

केसरबाईंचे गाणे सुचविले ते रॉबर्ट ब्राऊन ह्या संगीतशास्त्रज्ञांनी. हे गृहस्थ मूळचे अमेरिकन; जावा बेटातील राजवाड्यातले गॅमेलन नावाचे घंटावाद्यवृंदाचे संगीत १९७१ साली त्यांनीच ध्वनिमुद्रित केले होते, आणि तेही ह्या तबकडीवर आहे. केसरबाईंची तबकडी न्यूयॉर्कमध्ये मिळता मिळेना. शेवटी समितीतील ॲन ड्रुयन ह्यांस ती एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धूळ बसलेल्या खोक्यात सापडली. गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांपाशी वर्षानुवर्षे तालीम घेतलेल्या एका गायिकेचा स्वर सूर्यमालेबाहेर जावयाचा. आणि त्याचा मार्ग एका परक्या रसिकाच्या शिफारशीतून व टेबलाखालच्या खोक्यातून जावयाचा! याने सुटल्यावर थोड्याच दिवसांत, १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई निवर्तल्या. सूर्याच्या प्रभावाची वेस पहिल्या यानाने २०१२ साली ओलांडली, दुसऱ्याने २०१८ साली.

आम्ही त्या तबकडीच्या शेवटच्या चार कृती क्रमाने ऐकावयाचे ठरविले. तीन अनोळखी आणि त्यांत एक आपली, म्हणजे परगावी चुलतभाऊ भेटावा तसे.

पहिली चीनमधील, 'वाहते पाणी' अशा अर्थाच्या नावाची, ग्वान पिंगहू ह्यांनी वाजविलेली. च्छिन नावाचे सात तारांचे आडवे तंतुवाद्य. कृती साडेसात मिनिटांची. आपल्या कानास प्रथम ती रिकामी वाटते, कारण स्वरास्वरांमध्ये पुष्कळ मोकळी जागा सोडलेली असते. परंतु बोट तारेवर घासत नेऊन एका स्वरातून दुसऱ्यात जाण्याची त्यांची रीत ऐकली की मिंडेची आठवण होते, आणि तेथून पुढे वाट सापडते. ह्या कृतीशी एक प्राचीन कथा जोडलेली आहे. बोया नावाचा एक थोर वादक होता. तो मनात पर्वत आणून वाजवी तेव्हा त्याचा मित्र, एक लाकूडतोड्या, पर्वताचे नाव घेई. पाणी मनात आणून वाजवी तेव्हा पाण्याचे. हा मित्र मरण पावला, तेव्हा आता ऐकणारा कोणी उरला नाही म्हणून बोयाने आपले वाद्य फोडून टाकले व पुन्हा कधी वाजविले नाही. चिनी भाषेत जिवलग मित्रास 'स्वर जाणणारा' अशा अर्थाचा शब्द आहे, तो ह्या कथेवरून आला.

मला एकदम आपल्याकडील 'सहृदय' हा शब्द आठवला. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मिरातील अभिनवगुप्ताचार्यांनी सहृदयाचे लक्षण सांगितले आहे. काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, आणि म्हणून वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्यांच्या ठायी आली आहे, ते सहृदय, असा त्याचा भावार्थ. ह्यात 'अभ्यास' हा शब्द महत्त्वाचा. रसिकता कुळातून येत नाही, मिरजेच्या शेजारी राहिल्यानेही येत नाही. आरसा पुसावा लागतो. आणि मी तर आपल्या आरशावर एकाच गावची धूळ साठवून तिलाच चकाकी समजत होतो.

दुसरी कृती केसरबाईंची भैरवी. आपल्या मैफलीत भैरवी झाली की मंडळी चपला शोधू लागतात. येथे मात्र भैरवीनंतर आणखी दोन कृती आहेत. तिसरी ब्लाइंड विली जॉन्सन ह्या टेक्सासकडील अंध कृष्णवर्णीय गायकाची, १९२७ सालची. तीत शब्द नाहीत. गिटारीची तार घसरत जाते आणि तिच्या बरोबरीने गायक नुसता हुंकारतो. मातोश्री त्या वेळी वाती वळीत बसल्या होत्या. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे, इंग्रजीचा गंध नाही. त्या म्हणाल्या, "ह्याला रात्री एकट्याला झोप येत नाहीये." मुलाने माझ्याकडे पाहिले. त्या गाण्याच्या नावात अंधाऱ्या रात्रीचाच उल्लेख आहे, आणि तो मातोश्रींस कोणी सांगितला नव्हता.

चौथी आणि शेवटची बेटहोवेन ह्यांच्या उत्तरवयातील, चार तंतुवाद्यांसाठी रचलेली. येथे पुन्हा अडचण आली. आपल्या गाण्यात एका वेळी एकच सूर मुख्य असतो. सारंगी किंवा पेटी त्याच्या मागून चालते. येथे चार जण एकाच वेळी निरनिराळे बोलतात. मुलाने सांगितले, "सगळ्यांत वरचं व्हायोलिन धरा. दुसऱ्या खेपेला सगळ्यांत खालचं." दोन खेपा ऐकल्यावर, एकत्र कुटुंबात राहणाऱ्यास हे अवघड वाटावयाचे कारण नाही असे वाटले. चार माणसे एकदम बोलत असतात आणि तरी घर एकच असते.

कोणी म्हणेल, आपल्या घरचे एवढे थोर संगीत असता परक्याच्या दारी जावयाचे प्रयोजन काय? त्यांस माझे नम्र उत्तर असे की, ज्यास आपण घरचे म्हणतो तेही एके काळी कोणी तरी सुचविलेलेच आहे. ख्यालगायकीची गंगा महाराष्ट्रात आणली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. त्यासाठी ते उत्तरेकडे गेले, ग्वाल्हेर घराण्याची विद्या वासुदेवबुवा जोशी ह्यांजपाशी कष्टाने संपादून ती इकडे घेऊन आले, आणि पुढे मिरजेस विष्णु दिगंबरांसारखे शिष्य त्यांनी तयार केले. सामान्य मराठी कुटुंबाच्या कानी राग पोहोचला तो बहुतांशी रंगभूमीवरून. १९११ सालच्या 'मानापमाना'स गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६ सालच्या 'स्वयंवरा'स भास्करबुवा बखल्यांनी. ज्यांनी कधी बैठकीचे गाणे ऐकले नव्हते, त्यांच्या ओठी नाटकाच्या पदातून राग बसले. म्हणजे आपल्या आजोबापणजोबांच्या हातीही कोणी तरी चार स्वरांची काठी दिली होती. आणि ज्या पेटीवर आपण भजन म्हणतो, ती तर विलायतेहूनच आलेली.

तथापि, सारेच आवडले पाहिजे असा माझा आग्रह नाही. कोल्ट्रेन ह्यांचा तो तिसरा भाग मी आजवर दहा-बारा वेळा ऐकला असेन. तेथे मी अजूनही हरवतो. चिरंजीवही तासाभराच्या ख्यालात चाळिसाव्या मिनिटास चुळबुळू लागतात. परंतु ऐकून न आवडणे निराळे आणि न ऐकता झिडकारणे निराळे. पहिल्याने माणसे दुरावत नाहीत.

ह्या अनुभवावरून आमच्या घरात काही नियम आपोआप पडले. ते इतर कुटुंबांस उपयोगी पडतील म्हणून देतो.

पहिला, नुसते नाव सांगून मोकळे व्हावयाचे नाही. जो सुचवील त्याने सोबत बसून ऐकले पाहिजे. आज मोबाईलवर जगातील वाटेल ते गाणे क्षणात मिळते. गाणे मिळणे सोपे झाले म्हणून सोबत मिळणे सोपे झाले असे नाही. दुसरा, आरंभी एकच खूण सांगावी, आणि मग तोंड बंद ठेवावे. तिसरा, तीन वेळा ऐकल्यावाचून मत देऊ नये; पहिल्या वेळी आपण आपल्या सवयीच ऐकत असतो. चौथा, "आवडले का?" असे न विचारता "काय ऐकू आले?" असे विचारावे. आणि पाचवा, घेतल्यावर द्यावे, दिल्यावर घ्यावे. शिफारस हे ऋण आहे. ज्याने आपले आवडते गाणे आपणांसमोर ठेवले, त्याने आपल्या मनाची एक खोली उघडून दाखविलेली असते. ते ऋण पैशाने फिटत नाही, स्तुतीनेही फिटत नाही, ऐकूनच फिटते.

टाळेबंदी उठली, चिरंजीव पुन्हा पुण्यास गेले, आता नोकरीस आहेत. रविवारी सकाळी ते घरी येतात किंवा त्यांचा फोन येतो. एका आठवड्यास ते सुचवितात, एका आठवड्यास मी. फोनवर दोघे एकाच वेळी गाणे लावतो आणि गप्प बसतो. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, फोनवर इतका वेळ काही न बोलणारी माणसे त्यांनी जन्मात पाहिली नाहीत.

गेल्या महिन्यात मी मुलास विचारले, "चौदाव्या वर्षी तू जे ऐकवायला आणलं होतंस, ते कोणतं रे?" तो हसला. म्हणाला, "आता ते मलाही गोंगाटच वाटतं, काका."

"असो," मी म्हणालो, "तरी लाव. माझं ऐकायचं राहिलं आहे."